विद्वान आणि व्यासंगी: मानपत्र लिहिण्याआधी एवढे पाहा

गुरुजींचा सेवापूर्ती सोहळा असो की ग्रामजयंतीचा (तुकडोजी महाराजांच्या जयंतीचा) सत्कार, मानपत्रात एक ओळ हमखास येते: ‘आपण सुशिक्षित, अभ्यासू, व्यासंगी व विद्वान आहात.’ चार वेगळ्या अर्थांचे शब्द एका दमात वापरले की एकालाही वजन राहत नाही, आणि ज्याचा सत्कार आहे त्याने नेमके काय केले ते गावाला कळत नाही.

सुशिक्षित म्हणजे काय हे सांगायला नको. वऱ्हाडीत आपण ‘शिकेल माणूस’ म्हणतो तोच. साक्षर त्याच्या आधीची पायरी: सात वर्षांच्या व त्यावरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येते, त्याला जनगणना साक्षर मानते. अभ्यासू हा स्वभाव झाला. दहावीतली पोरगीही अभ्यासू असते. अभ्यासक मात्र कोणत्या तरी विषयाचा असावा लागतो.

खरा घोळ विद्वान आणि व्यासंगी या दोघांत होतो. विद्वान हा शब्द मिळवलेल्या ज्ञानाबद्दल बोलतो आणि व्यासंगी हा विषयाशी जडलेल्या नात्याबद्दल. ‘एके काळी त्यांचा संतसाहित्याचा व्यासंग होता, पुढे सुटला’ हे वाक्य सरळ वाटते. ‘एके काळी ते विद्वान होते, पुढे विद्वत्ता सुटली’ हे कानाला खटकते, कारण वाचन थांबले तरी कमावलेली विद्वत्ता माणसाकडे उरते. व्यासंग रोज चालवावा लागतो.

दोघांची पारख करणारेही वेगळे असतात. विद्वान कोण, हे त्या विषयातले जाणते ठरवतात. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजांचे कोरीव लेख वाचून प्रसिद्ध केले. वाकाटकांवर लिहिणाऱ्याला त्यांचे मत खोडायचे असले तरी आधी ते वाचावे लागते. ही विद्वत्ता. व्यासंगाला असा शिक्का लागत नाही. वरुड-मोर्शीकडचा एखादा संत्रा बागायतदार आंबिया बहाराची फळगळ कधी, कोणत्या झाडांवर, किती पावसानंतर झाली याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवतो, झाडांच्या डिंक्या रोगावर छापून आलेले मिळवून वाचतो, कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत प्रश्न विचारतो. तो व्यासंगी आहे. नुसत्या अनुभवावर बोलणाऱ्याला जाणकार म्हणावे, तोही मानाचा शब्द आहे.

पदवीचा संबंध या दोन्ही शब्दांशी फार थोडा. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी वेदान्तावर विपुल रचना केली. त्यांना विद्वान म्हणताना कोणी शाळेचा दाखला मागत नाही. वि. भि. कोलते यांना मात्र दोन्ही शब्द शोभतात. महानुभाव साहित्याचा त्यांचा व्यासंग अनेक दशकांचा, आणि लीळाचरित्राचे त्यांचे संपादन ही त्यातून उभी राहिलेली विद्वत्ता.

व्यासंगी लिहिले की ‘कशाचा?’ याचे उत्तर त्याच वाक्यात द्या. उत्तर सापडत नसेल तर शब्द काढा. आणि या शब्दाचा व्यासमुनींशी काही संबंध नाही. वि, आ आणि संग मिळून तो झाला. ‘संग’ म्हणजे जडणे, त्यातच सगळा अर्थ आहे.

भाषणाचे वर्णन करतानाही हीच काळजी हवी. पंधरा मिनिटांच्या मनोगताला ‘विद्वत्तापूर्ण’ म्हणणे मला अजिबात पटत नाही. आधीच्यांची मते, पुरावे आणि त्यांची छाननी असेल तिथेच तो शब्द वापरावा. तयारी करून, आकडे तपासून केलेल्या भाषणाला ‘अभ्यासपूर्ण’ पुरते. ‘पांडित्य’ जपून वापरा. ‘पांडित्यप्रदर्शन’ ही उघड टीका होते.

‘शिक्षणमहर्षी’ हे विशेषण तर प्रत्येक संस्थाचालकाला लावले जाते. ते शिक्षण पोहोचवणाऱ्याचे आहे, ज्ञान कमावणाऱ्याचे नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, म्हणून ते शिक्षणमहर्षी. वैदिक वाङ्मयावर त्यांनी डॉक्टरेट केली होती, तो त्यांचा वेगळा मान.

लेखनाचे थोडके: विद्वत्ता (विद्वता नव्हे), तज्ज्ञ (तज्ञ नव्हे), आणि बाईंसाठी विदुषी.

मानपत्राचा मसुदा करताना आधी गुरुजींच्या घरच्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना विचारा: ते काय वाचत, काय लिहून ठेवत, लोक त्यांच्याकडे काय विचारायला येत. मग असे लिहिता येते: ‘गुरुजींनी पंचक्रोशीतल्या म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या तीस वर्षे टिपून ठेवल्या. वऱ्हाडी बोलीचा त्यांचा व्यासंग आजही चालू आहे.’ एवढ्यावर थांबा, पुढे ‘विद्वान’ जोडू नका.