पाणी वाढलं, पण कोणाच्या विहिरीत?

गावोगावी नाले खोल करून, बांध घालून पाणी जमिनीत मुरवायचं, यासाठी राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालं. मराठवाड्यात 2014 आणि 2015 ही दोन्ही दुष्काळाची वर्षं. 2016 मध्ये दणकून पाऊस झाला आणि विहिरी भरल्या. हे नाला खोलीकरणाचं फळ मानायचं की पावसाचं? कामाआधीची पातळी आणि कामानंतरची पातळी एवढंच शेजारी ठेवलं तर उत्तर चुकणारच. तेवढाच पाऊस झालेलं, पण काम न झालेलं गावही सोबत मोजावं लागतं. सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात या अभियानाला फारसं यश आलं नाही, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने 2020 च्या अहवालात नोंदवलं.

त्यात आपला खडक बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं, त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरी वेगळ्या वागतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या वर्षातून चारदा मोजल्या जाणाऱ्या नेहमीच्या निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आसपास, आणि गावं चाळीस हजारांहून जास्त. गावकऱ्यांनी स्वतः मोजणं ही म्हणूनच विज्ञानाची गरज आहे. केंद्राच्या अटल भूजल योजनेने सात राज्यांत ते धोरणात आणलं.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात.

मला खरी काळजी वाटते ती विहीर नसलेल्यांची. पाणीपातळी वाढली की फायदा आधी विहीरवाल्याचा, खोल बोअर पाडू शकणाऱ्याचा तर जास्तच. हवामान बदलाची झळ सर्वात आधी सोसणाऱ्या भूमिहीनांना त्यावरच्या कामांचा वाटा मिळाला का, म्हणजे त्यांचा हवामान न्याय, पाणीपातळीच्या आकड्यात दिसत नाही. टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला, वस्तीवरचा हातपंप मे महिन्यात चालला का, रब्बीत मजुरीचे किती दिवस मिळाले, हेही मूल्यमापनाच्या तक्त्यात आलं पाहिजे. ही माहिती वस्तीवरच्या बायकांकडे असते.

रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात, 2005 च्या, कलम 17 ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे गावातली कामं लोकांनीच तपासण्याचा अधिकार दिला. मेघालयाने 2017 मध्ये कायदा करून तो इतर योजनांनाही लावला. महाराष्ट्रातल्या जलयुक्तसारख्या, हवामान बदलाला तोंड देण्याच्या कामांना तसाच कायदा हवा, आणि त्यासाठीची ग्रामसभा मजुरीच्या वेळेत घेऊ नये, एवढी अटही त्यात लिहिलेली हवी.