फाइल उघडते, मराठी उघडत नाही

आमच्या गावच्या वाचनालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका 1999 साली छापली गेली. तिची फाइल कुणीतरी जिवापाड जपली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर असं करत गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली. लॅपटॉपवर ती लगेच उघडलीही, पण पडद्यावर नुसता रोमन अक्षरं, तिरक्या रेघा, कंस आणि अवतरणचिन्हांचा काला होता. त्या वेळचा फॉन्ट मिळवून टाकला आणि सगळी पानं एका क्षणात मराठी झाली. मग शोधाच्या चौकटीत 'विहीर' टाइप केलं. उत्तर आलं, हा शब्द फाइलमध्ये नाही. शब्द तर समोर दिसत होता.

संगणकाच्या फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. इंग्रजीसाठी ते आस्की या संकेतपद्धतीने ठरवलं: 0 ते 127, एवढ्यात सगळी मुळाक्षरं, अंक आणि चिन्हं बसली. एका बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एका घटकात, जास्तीत जास्त 256 वेगवेगळे आकडे लिहिता येतात. देवनागरीची जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने-मात्रा सगळं धरलं तर चिन्हं शेकड्यांनी होतात. ती 256 घरांत कशी बसवायची?

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, जमान्यात फॉन्ट बनवणाऱ्यांनी यावर एक युक्ती काढली. आकडे रोमन अक्षरांचेच ठेवले आणि त्या घरांमध्ये चित्रं मात्र देवनागरीच्या तुकड्यांची भरली. कृतिदेव 010 या फॉन्टमध्ये 'भारत' शब्द कसा साठवला जातो ते पाहा: कॅपिटल एच, मग के, पुन्हा के, जे आणि आर. कॅपिटल एचच्या घरात दंड नसलेला भ आहे. पहिल्या केने त्याला उभा दंड मिळतो आणि भ पुरा होतो. दुसरा के म्हणजे काना. दंड आणि काना दिसायला सारखेच, म्हणून दोघांना एकच घर. 256 घरांत लिपी बसवायची म्हणजे अशीच काटकसर करावी लागणार, आणि ती फार हुशारीने केलेली आहे. या फॉन्टांमुळेच त्या काळात गावोगावच्या छापखान्यांत पत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका मराठीत निघू शकल्या. पण संगणकाच्या लेखी तो शब्द 'भारत' कधीच नव्हता. ती पाच रोमन अक्षरं होती, फक्त मराठी पोशाखातली.

त्यात प्रत्येक कंपनीने घरं आपापल्या पद्धतीने भरली. श्रीलिपीचा तक्ता वेगळा, आकृतीचा वेगळा, शिवाजीचा वेगळा. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की तेच आकडे भलतीच अक्षरं दाखवतात. म्हणून जुन्या फाइलची खरी किल्ली म्हणजे फॉन्टचं नाव. जुना मजकूर साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला, की तेच नाव आधी गळून पडतं.

बरेच जण इथे एक पायरी चुकतात. जुनी डॉक फाइल नव्या डॉकेक्समध्ये 'सेव्ह ॲज' करतात आणि काम झालं असं समजतात. ही पायरी लागतेच, नाही असं नाही. 2007 च्या आधीच्या वर्डची डॉक फाइल म्हणजे बायनरी पेटी असते, यंत्रालाच वाचता येणारी. डॉकेक्स म्हणजे झिप करून ठेवलेल्या एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या, फायलींचं गाठोडं. त्याचा आराखडा खुला असल्यामुळे उद्या वर्ड नसलं तरी ती उघडता येईल. वर्ड 95 किंवा त्याआधीच्या फायली नवं वर्ड सुरक्षेसाठी अडवूही शकतं, अशा वेळी मोफत मिळणारं लिबरऑफिस बहुधा कामाला येतं. पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काही फायलीही ते उघडतं. पण यात बदलते ती पेटी. आतल्या रोमन अक्षरांना कुणी हात लावत नाही. डॉकेक्स झालेली माझी स्मरणिका फॉन्ट नसलेल्या संगणकावर पुन्हा तसाच काला दाखवत होती.

खरं रूपांतर म्हणजे ते तुकडे वाचून त्यातून मराठी परत उभी करणं, आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या संकेतपद्धतीत, लिहिणं. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची. तिच्यात देवनागरीला स्वतःची 128 घरं मिळाली. क चा क्रमांक 0915, स चा 0938, ळ चा 0933, आणि हे क्रमांक जगातल्या प्रत्येक संगणकावर तेच. ही मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या संकेतपद्धतीवर बेतलेली आहे. दोन्हींचं मूळ तत्त्व एकच: अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचं, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. आकार जुळवण्याचं काम फॉन्टचं. तुमची फाइल नशिबाने इस्कीत साठवलेली असेल, तर निम्म्याहून जास्त कष्ट वाचले.

उच्चाराचा हा क्रम कुठे अडतो, ते 'स्थिती' या शब्दात दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये सगळ्यात आधी वेलांटी येते, कारण ती डावीकडे दिसते. मग अर्धा स, दंड नसलेला थ, दंड, त आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये मात्र पहिली वेलांटी पूर्ण 'स्थ' झाल्यावरच येते. म्हणजे नुसते तुकडे बदलून भागत नाही. वेलांटी उचलून जोडाक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते, आणि जोडाक्षर नेमकं कुठे संपतं हे प्रोग्रॅमला कळावं लागतं. रफाराचं उलट. 'वर्षा' जुन्या फाइलमध्ये व, ष, काना आणि शेवटी रफार असा असतो, कारण रफार सगळ्यात वर, उजवीकडे बसतो. उच्चारात मात्र र् हा ष च्या आधी. म्हणून त्याला काना ओलांडून, ष ओलांडून मागे न्यायचं.

तक्त्यातली अदलाबदलही मोठ्या तुकड्यांपासून सुरू करायची. कृतिदेवमध्ये 'ओ' म्हणजे अ, काना आणि मात्रा असे तीन तुकडे. आधी एकेक तुकडा बदलत गेलात, तर 'ओ' ऐवजी अ ला काना आणि त्यावर मात्रा अशी वेगवेगळी चिन्हं उरतात. छापल्यावर फरक दिसेलच असं नाही. मराठी संकेतस्थळांवर 'आणि' असा लिहिलेला सापडतो, की त्यात आ नसून अ आणि सुटा काना असतो. डोळ्यांना 'आणि'च दिसतं, शोधयंत्राला नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकालाही ते अडखळतच ऐकू येतं.

हे रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कन्व्हर्टर. हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर मराठीवर चालवला, की आणखी एक गोष्ट हातची जाऊ शकते: 'ऱ्या' मधला तो अर्धा र. 'दर्यात' म्हणजे समुद्रात, 'दऱ्यात' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागांत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक तर प्रत्येक मराठी माणसाला लहानपणीच कळलेला असतो. हिंदीला या र ची गरज नसल्यामुळे त्या तक्त्यात तो नसला, तर त्याच्या जागी सरळ रफार येतो. बरं, नीट लिहिला तरी त्याच्या दोन रीती आहेत. एक, र (0930) पाय मोडून त्याला अदृश्य जोडचिन्ह लावायचं. दुसरी, ऱ (0931) चा पाय मोडायचा. दिसायला दोन्ही एकच, आत आकडे वेगळे. दुसरी रीत धरावी आणि सगळ्या फायलींत तीच ठेवावी. ॲ चंही तसंच. 0972 या क्रमांकावर ते 2008 साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र काढून काम भागवत, आणि आजही तशा फायली सापडतात. 'ॲप' शोधलं तर त्यातला 'अॅप' हाती लागत नाही.

माझ्या फाइलमध्ये इंग्रजी शब्दही होते: औषधांच्या दुकानांच्या जाहिराती, देणगीदारांच्या पदव्या. सगळा मजकूर एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकला असता, तर त्या इंग्रजी शब्दांचीही अगम्य देवनागरी झाली असती. डॉकेक्समध्ये मजकुराच्या तुकड्यांसोबत त्यांचा फॉन्ट लिहिलेला असतो. म्हणून ज्या तुकड्याला मराठी फॉन्ट लावलेला आहे, तेवढाच बदलणारा कन्व्हर्टर निवडला. विसर्गाने मात्र दमवलं. टाइप करणाऱ्याने 'दुःख' मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम दाबला होता, कारण छापून आल्यावर सारखंच दिसतं. ते कुठल्याच तक्त्यातून कळत नाही.

तपासणीचा पहिला हात यंत्राने मारता येतो. मराठी शब्द कधी काना, मात्रा किंवा वेलांटीने सुरू होत नाही. पाय मोडलेल्या अक्षरावर लगेच मात्रा चढत नाही. अशा अशक्य जागा शोधल्या की कन्व्हर्टरचे मोठे घोटाळे बाहेर येतात. त्यानंतर छापील प्रत शेजारी घेऊन ओळीन् ओळ वाचणं, याला पर्याय मला सापडला नाही. स्मरणिकेच्या आभाराच्या पानावर 'आचार्यांनी तीनशे पानं वाढली' असं आलं होतं. ते वाक्य कोणत्याही स्पेलचेकला पसंत पडलं असतं, शब्द तर बरोबरच आहे. मूळ फाइल, फॉन्टची फाइल आणि छापील अंकाचं स्कॅन, तिन्ही मी नव्या फाइलच्या शेजारीच ठेवली आहेत, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर माझं काम पडताळता येईल.

शेवटचं पान वाचून झालं त्या रात्री पुन्हा 'विहीर' शोधलं. चार ठिकाणी सापडली. त्यातली एक 1972 च्या दुष्काळाच्या आठवणीत होती: विहीर आटली, माणसं दिवस उगवायच्या आत दुष्काळी कामावर जाऊ लागली, म्हणून वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं ठरलं आणि कंदिलाचं रॉकेल सभासदांनी आळीपाळीने आणलं. स्मरणिका घरात इतकी वर्षं होती, तरी हा परिच्छेद मी पहिल्यांदाच वाचला.