कर्करोगावरील प्रतिपिंड उपचार

शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने कर्कपेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला चढवावा, यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला नेमकी चिकटणारी प्रथिने) शिरेतून देण्याची उपचारपद्धती. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिला सरसकट ‘इम्युनो’ म्हणतात.

परळला प्रतिपिंडे नवी नाहीत. तिथल्या हाफकिन संस्थेने घोड्यांना सापाचे विष थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढले, तीही प्रतिपिंडेच. मात्र त्यात नाना प्रकारांची सरमिसळ असे. जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग घडवला, तेव्हा एकाच साच्यातले प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले.

ही औषधे मुख्यतः दोन तऱ्हांनी काम करतात. पहिल्या तऱ्हेत प्रतिपिंड थेट कर्कपेशीला चिकटते. रिटुक्सिमॅब (१९९७) बी-पेशींवरील (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळावरील) सीडी२० हे प्रथिन पकडते आणि प्रतिपिंडाच्या शेपटाकडच्या भागामुळे मारक पेशींना सावज सापडते. स्तनाच्या कर्करोगातील ट्रास्टुझुमॅब (१९९८) हर-२ या प्रथिनाला चिकटून पेशीच्या वाढीचे संदेशही अडवते. दुसऱ्या तऱ्हेत प्रतिपिंड गाठीला हातच लावत नाही. रोगट पेशींवर हल्ला करणाऱ्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. अनेक गाठी तो दाबून धरतात, आणि निवोलुमॅबसारखे औषध ती पकड सोडवते. या ब्रेकांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

मुंबईत खरा अडसर पैशाचा आहे. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इथे मोठ्या संख्येने येतात. निवोलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. ती घेणे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. पण पीडी-१ चे ब्रेक फार थोड्या औषधानेही जवळजवळ पूर्ण व्यापले जातात, हे सुरुवातीच्या चाचण्यांत दिसले होते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हाच धागा पकडला. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या दिल्या आणि उरलेल्यांना त्याच गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के भरले. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत असे दोन डोस निघतात, म्हणून दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावले तर औषध वाया जात नाही. अर्थात, या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती; दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत, असा अर्थ तिच्यातून काढणे घाईचे ठरेल.

सलाईनमधून औषध चढायला निवोलुमॅबच्या बाबतीत अर्धा तास पुरतो. रिटुक्सिमॅबचा पहिला डोस मात्र हुडहुडी भरवू शकतो. म्हणून आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचे औषध देऊन तो थेंबाथेंबाने सोडतात. ट्रास्टुझुमॅब सुरू असताना अधूनमधून हृदयाची टूडी-एको करावी लागते. ब्रेक काढणाऱ्या औषधांचा धोका निराळाच: मोकाट सुटलेली प्रतिकारयंत्रणा आतडे, फुफ्फुस, यकृत किंवा थायरॉइडवरही उलटते, कधी उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनी. सोलापूर-रत्नागिरीला परतलेल्या रुग्णाला जुलाब लागले, तर गावचा डॉक्टर पोट बिघडल्याचे औषध देऊन मोकळा होतो. गरज बहुधा स्टिरॉइडची असते; त्यामुळे ‘इम्युनो चालू आहे’ हे त्याला आधी सांगायला हवे.

याच विद्येची पुढची शाखा पवईला वाढली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ मध्ये प्रतिपिंडाचा फक्त पकडणारा तुकडा रुग्णाच्याच टी-पेशींवर बसवतात. तो बी-पेशींवरचे सीडी१९ हेरतो. बी-पेशींच्या ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) व लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींचा कर्करोग) या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली.