पोर्ट कोणाच्या नावावर नसतो

ऐरोली-महाप्याच्या ऑफिसांत अजून ऐकू येतं, ‘तो पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) अकाउंट्सचा. तिथे केबल लावली की अकाउंट्सच्याच नेटवर्कात जाल.’ जिथे ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय नेटवर्कात न घेण्याचं मानक) नीट बसवलंय, तिथे हे साफ चूक आहे. आणि हे मानक २००१ सालचं!

केबल लावताच पोर्ट मोकळा होत नाही. स्विच, म्हणजे ज्या यंत्रावर हे पोर्ट असतात ते, फक्त ओळख पटवण्याचे निरोप पुढे पोचवतो. पासवर्ड किंवा सर्टिफिकेट तपासतो रेडियस सर्व्हर, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारा सर्व्हर. होकारासोबत तो तीन गोष्टी कळवतो: टनेलचा प्रकार १३ (म्हणजे व्हीलॅन, एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), माध्यम ६ (म्हणजे ८०२ जातीचं नेटवर्क) आणि व्हीलॅनचा क्रमांक. स्विच तेवढ्यापुरता पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये टाकतो. केबल काढली की नेमणूक संपली. साठवलेलं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं. मात्र तो व्हीलॅन स्विचवर आधी तयार हवा, हे कळकळीने सांगतो.