सोर्स कोडवरून छोटं टूल इन्स्टॉल करताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कमांड-लाइनवर चालणारं एखादं छोटं ओपन सोर्स टूल हवं असतं, पण तुमच्या लिनक्सच्या पॅकेजांमध्ये ते सापडत नाही, किंवा सापडतं ते फार जुनं असतं. अशा वेळी सोर्स कोडवरून (प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुरावरून) ते स्वतः बिल्ड करता येतं, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम तयार करता येतो. आमचा आग्रह एवढाच, की हे काम साध्या यूजरच्या खात्यातून, स्वतःच्या होम फोल्डरमध्ये करा. कंपायलर (सोर्स कोडचा प्रोग्रॅम बनवणारं टूल) आणि इतर लागणारी पॅकेजं बसवण्यापुरते ॲडमिनचे अधिकार लागतात. त्यापुढे सहसा गरज पडत नाही.

तरीही आधी पॅकेज मॅनेजरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या टूलमध्ये, नीट शोधा. चालण्याजोगी आवृत्ती तिथे असेल तर तीच घ्या, कारण तिचे सुरक्षा-अपडेट बाकीच्या सिस्टिमबरोबर येत राहतात. सोर्सवरून बसवलेल्या टूलकडे तुम्हालाच लक्ष ठेवावं लागतं.

सोर्स प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवून घ्या. सोबत एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) दिलेला असेल तर तो जुळवून बघा. ६४ अक्षरांची ही ओळ डोळ्यांनी ताडत बसू नका, चेकसमच्या कमांडलाच तपासू द्या. मात्र फाइल आणि चेकसम एकाच सर्व्हरवर असतील, तर एक बदलणारा दुसराही बदलू शकतो. म्हणून जीपीजी सही (प्रकाशित करणाऱ्याची डिजिटल सही) असेल तर तीही तपासा.

सही बरोबर आली तरी सावध राहावं लागतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. त्या प्रकाशित करणारा माणूस प्रकल्पाच्याच देखभालकर्त्यांपैकी एक होता. बिल्डच्या वेळी हा कोड आत सरकवणारी स्क्रिप्ट टारबॉलमध्ये (उतरवून घ्यायच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) नव्हती. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने पिच्छा पुरवला, म्हणून हे उघडकीस आलं. तेव्हापासून आम्ही शक्य असेल तिथे टारबॉलऐवजी गिटमधला टॅग (ठरावीक आवृत्तीवर लावलेली खूण) घेऊन बिल्ड करतो. त्यासाठी बऱ्याचदा ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारी टूल्स लागतात आणि एक पायरी वाढते, पण ती वाढलेली बरी.

डेबियन किंवा उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज बसवलं की कंपायलर आणि मेक (बिल्डच्या पायऱ्या क्रमाने चालवणारं टूल) दोन्ही मिळतात. मॅकवर एक्सकोडची कमांड-लाइन टूल्स पुरतात. मग फोल्डरमधली रीडमी आणि इन्स्टॉल या फाइली वाचा. काही प्रकल्प सीमेक किंवा मेसन ही बिल्डची दुसरी टूल्स वापरतात आणि त्यांच्या कमांड वेगळ्या असतात. जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे कॉन्फिगर (मशीन तपासून तयारी), मेक (बिल्ड), मेक इन्स्टॉल (जागेवर बसवणं). (कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती रीडमीत असतील तशीच टाइप करा.)

कॉन्फिगर चालवताना प्रिफिक्स, म्हणजे टूल कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचं ते, द्यायला विसरू नका. दिला नाही तर टूल यूएसआर-लोकल या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जायला बघतं आणि तिथे लिहायला सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लागतं. होम फोल्डरमधलं डॉट-लोकल दिलं की प्रश्न मिटतो.

ग्राहक सर्वांत जास्त अडकतात ते इथेच. उदाहरणार्थ, कॉन्फिगर म्हणतं की एनकर्सेस (टर्मिनलची स्क्रीन हाताळणारी लायब्ररी) मिळत नाही, आणि तुम्ही बघता तर एनकर्सेस मशीनवर आहे! दोघांचंही बरोबर असतं. चालू प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी आहे, पण कंपायलरला लागणाऱ्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या) नाहीत. त्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात: डेबियनवर नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं, फेडोरावर 'डेव्हल'. ते बसवा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. एवढ्यावर भागलं नाही तर कॉन्फिगरने लिहिलेली कॉन्फिग-डॉट-लॉग ही फाइल उघडा. त्याच्या शेवटी व्हेरिएबल्सची लांबलचक यादी असते. खरी चूक तिच्या वरच्या भागात असते.

मेकमध्ये एरर आली तर पहिली एरर शोधा. खालच्या बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात. वेगासाठी 'जे ४' (एका वेळी चार कामं) दिलं असेल तर आउटपुटची सरमिसळ होते. अशा वेळी साधं मेक पुन्हा चालवलं की चूक स्वच्छ दिसते. बिल्ड झाल्यावर मेक चेक (प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्या) असेल तर तेही चालवा.

इन्स्टॉल झाल्यावर कमांड सापडत नसेल, तर डॉट-लोकलमधलं (किंवा तुम्ही दिलेल्या प्रिफिक्समधलं) बिन फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, आहे का बघा. जुनीच आवृत्ती चालत असेल तर ते फोल्डर पाथमध्ये जुन्या आवृत्तीच्या फोल्डरच्या आधी आहे ना, याची खात्री करा आणि नवं टर्मिनल उघडा.

बिल्डचं फोल्डर लगेच पुसू नका. मेक अनइन्स्टॉलची सोय असली तर ती तिथूनच चालते. पण ती सगळ्याच प्रकल्पांत नसते, म्हणून सगळं थेट डॉट-लोकलमध्ये टाकण्यापेक्षा होम फोल्डरमध्येच प्रत्येक टूलला स्वतंत्र प्रिफिक्स देणं आम्हाला जास्त पटतं. टूल नको झालं की ते एक फोल्डर काढलं, काम झालं.

तरीही अडलात तर आम्हाला कळवा. सोबत ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, तुम्ही दिलेली कॉन्फिगरची पूर्ण ओळ, कॉन्फिग-डॉट-लॉग आणि मेकचं संपूर्ण आउटपुट पाठवा. स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा. त्यात आम्हाला शोधता येतं.