मातांचे व्यावसायिक ब्लॉगिंग आणि समाजमाध्यमे : ग्रामीण विदर्भ

घर, स्वयंपाक, बाळंतपण, मुलांचे संगोपन आणि शेतातले रोजचे काम या विषयांवर व्हिडिओ, छायाचित्रे किंवा लेखन तयार करून ते समाजमाध्यमांवर नियमित टाकणे, आणि त्यातून जाहिरात, प्रायोजकता किंवा मालविक्रीच्या रूपाने उत्पन्न मिळवणे, असा हा मुलाबाळांच्या आयांचा व्यवसाय आहे. अमरावती आणि नागपूर या दोन महसुली विभागांतल्या ११ जिल्ह्यांच्या खेड्यांत तो मुख्यतः यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांवर चालतो. लिहिलेला ब्लॉग इथे फारसा रुजला नाही. बोलून आणि करून दाखवणे रुजले. गावात या कामाला ‘चॅनल चालवणे’, ‘व्हिडिओ टाकणे’ किंवा ‘रील करणे’ म्हणतात. पैसे घेऊन वस्तू दाखवणे म्हणजे ‘प्रमोशन’, आणि पैशाऐवजी वस्तूच मिळत असेल तर ‘बार्टर’. या कामाला मुदती आहेत, करार आहेत, करही आहे. तरी घरच्यांच्या लेखी ते बरेचदा रिकाम्या वेळचा छंदच राहते. त्यामुळे काम कोणी केले आणि पैसा कोणाच्या नावावर आला, हा या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. हेदर आर्मस्ट्राँग यांनी २००१ मध्ये ‘डूस’ हा ब्लॉग सुरू केला आणि २००४ मध्ये त्यावर जाहिराती घेतल्या. मधल्या काळात, २००३ मध्ये, गूगलची ॲडसेन्स ही सेवा आली आणि छोट्या लेखकालाही जाहिरातीचा वाटा मिळू लागला. २००५ मध्ये ‘ब्लॉगहर’ हे स्त्री-ब्लॉगकारांचे व्यासपीठ उभे राहिले. मराठीत पुण्याच्या मधुरा बाचल यांच्या ‘मधुराज रेसिपी’ने घरगुती स्वयंपाकाचे व्हिडिओ हा पूर्णवेळ धंदा होऊ शकतो हे दाखवले, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार येथील सुमन धामणे यांच्या ‘आपली आजी’ या चॅनलमुळे तो खेड्यातूनही होतो हे अनेकींना पटले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि विदर्भातल्या गावांत व्हिडिओ पाहणे परवडू लागले. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्याच वर्षी इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंच्या सोयी भारतात सुरू झाल्यावर अनेकींनी पहिल्यापासून मांडणी केली.

विषयांच्या बाबतीत हा प्रदेश श्रीमंत आहे. पाटवडी रस्सा, पुडाची वडी, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी, गोळाभात, कढीगोळे, उपड्या मडक्यावर टाकलेली लंबी रोटी हे पदार्थ शहरातल्या वैदर्भीयांना गावाची आठवण देतात आणि बाहेरच्यांना नवे वाटतात. चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड आणि सरगुंड्यांचे वाळवण सुरू झाले की पुढचे दोन महिने विषय शोधावा लागत नाही. श्रावणातली जिवतीची पूजा, महालक्ष्म्यांच्या जेवणातली आंबील आणि सोळा भाज्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून मुलांना घरोघरी नेणारा तान्हा पोळा, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी हे सण मुलांशी जोडलेले असल्याने आयांच्या चॅनलवर ते सहज येतात. बाळंतिणीचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळाची मालीश, बारसे, उष्टावण यांचेही व्हिडिओ आवडीने पाहिले जातात. भाषा वऱ्हाडी किंवा झाडीबोली असली तर प्रेक्षक अधिक जवळ येतो. प्रमाण मराठीत बोलण्याचा अट्टाहास ज्यांनी सोडला, त्यांच्या व्हिडिओत बोलण्याचा खरा ठेका ऐकू येतो.

कामाची वेळ मात्र हंगाम ठरवतो. सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी अंगावर आली की दिवस शेतात जातो. यूट्यूबचा प्रेक्षक नियमितपणा मागतो, त्यामुळे जाणत्या बाया दिवाळीच्या आधीच चार-सहा व्हिडिओ चित्रित करून ठेवतात. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात चित्रीकरण करताना फोन तापून बंद पडतो, म्हणून पहाटेची वेळ धरली जाते. वीज गेली की काम थांबते. मेळघाटात आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात जिथे रेंज धड मिळत नाही, तिथे व्हिडिओ गावात तयार होतो आणि अपलोड तालुक्याच्या ठिकाणी. कितीतरी चॅनलवर बाईचा चेहरा कधीच दिसत नाही. फक्त हात, चूल आणि आवाज. सासरच्यांची परवानगी तेवढ्यापुरतीच असते किंवा बाईची स्वतःची इच्छा तशी असते. दोन्हींचा मान राखावा. चेहरा नसल्याने पदार्थ बिघडत नाही.

उत्पन्न आणि नाव

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायला १,००० सदस्य लागतात, आणि त्यासोबत मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेला आशय किंवा ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिलेले शॉर्ट्स. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्ससाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून हा वाटा ४५ टक्के आहे. प्रेक्षक कोणत्या देशात बसला आहे यावर जाहिरातीचा दर बराच बदलतो. म्हणून लाखभर वेळा पाहिला गेलेला मराठी व्हिडिओ आणि तेवढाच पाहिला गेलेला इंग्रजी व्हिडिओ यांची कमाई सारखी नसते.

खरी अडचण याच्या पुढे येते. यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या ॲडसेन्सच्या खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी सहा अंकी पिनचे पत्र टपालाने घरी येते. मु. पो., तालुका, जिल्हा आणि पिनकोड बरोबर लिहिलेला असेल आणि पोस्टमनला बाईचे नाव माहीत असेल तर ते पोचते. खेड्यात मात्र ती अमक्याची सून किंवा तमक्याची आई म्हणूनच ओळखली जाते, आणि तिच्या स्वतःच्या नावाचे पत्र चुकते. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पुढे १०० डॉलर जमल्यावरच पैसे निघतात, आणि खात्यावरचे नाव बँकेतल्या नावाशी जुळावे लागते. लग्नानंतर आधार बदलले, पॅनवर माहेरचे नाव राहिले, पासबुकावर तिसरेच काही, अशी स्थिती असेल तर कमाई अडकते. पूर्ण केवायसी (ओळख पडताळणी) न करता उघडलेल्या ‘लहान खात्यात’ वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच जमा होऊ शकते आणि ओळख पूर्ण पटल्याशिवाय परदेशी रक्कम येत नाही. परदेशातून पैसा घ्यायला बँकेचा स्विफ्ट कोड (आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठीचा ओळख संकेत) लागतो आणि प्रत्येक शाखेला तो नसतो.

या कटकटीवरचा सोपा उपाय म्हणून नवऱ्याचे, दिराचे किंवा भाच्याचे खाते जोडले जाते. जीमेल त्याचे, फोन नंबर त्याचा, पासवर्डही त्यालाच माहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ग्रामीण भागात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के होत्या आणि पुरुष ४८.७ टक्के. त्यामुळे खाते उघडताना पुरुषाचा हात लागणे स्वाभाविक आहे. पण चॅनल कायम त्याच्याच नावावर राहिले, तर घरात बिनसल्यावर बाईच्या हातात स्वतःच्या आवाजाचे व्हिडिओसुद्धा राहत नाहीत. स्वतःच्या नावाचे ईमेल, स्वतःचे पॅन आणि एकटीच्या नावावरचे बचत खाते, एवढे पहिल्या व्हिडिओच्या आधी करावे. कॅमेरा, माइक, रिंगलाइट नंतर घेता येतात.

करही याच नावावर लागतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो, म्हणून २०२१ पासून प्रत्येक निर्मात्याला करविषयक माहिती भरावी लागते. ती भरली नाही तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भारतात १ जुलै २०२२ पासून कंपनीने दिलेली आणि स्वतःकडे ठेवलेली वस्तू, वर्षभरात एकूण २०,००० रुपयांच्या वर गेली तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) लागू झाला. बार्टरमध्ये मिळालेला महागडा मिक्सर किंवा फोन म्हणजे उत्पन्नच.

प्रायोजकता

सुरुवातीचे प्रायोजक जवळचे असतात: तालुक्यातले साडीचे दुकान, सराफ, मंगल कार्यालय, मसाल्याची गिरणी. बोलणी व्हॉट्सॲपवर होतात आणि करार तोंडी. नागपूर, पुणे, मुंबईच्या एजन्सी नंतर येतात. त्यांच्या लेखी करारात पैसे ६० किंवा ९० दिवसांनी, व्हिडिओ कंपनीला हवा तिथे आणि हवा तितके दिवस वापरण्याचा हक्क, स्पर्धक वस्तू ठरावीक महिने न दाखवण्याची अट, अशी कलमे इंग्रजीत असतात. सही करण्यापूर्वी ती मराठीत समजून घेणे बाईचा हक्क आहे, आणि त्यासाठी दोन दिवस मागितले तर कोणताही खरा प्रायोजक पळून जात नाही. आधी नोंदणी फी किंवा डिलिव्हरीचे पैसे मागणारा ‘ब्रँड’ हा फसवणारा असतो. करार म्हणून पाठवलेली फाइल उघडताच चॅनलच हातातून जाते, असेही प्रकार होतात. अशा वेळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

जाहिरात आहे हे प्रेक्षकाला सांगणे बंधनकारक आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेची समाजमाध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबतची मार्गदर्शिका काढली. पैसे मिळोत किंवा नुसती फुकट वस्तू, संबंध उघड करायचा, आणि तो शिफारस ज्या भाषेत केली त्याच भाषेत. मराठी व्हिडिओच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक शब्द टाकून हे काम होत नाही. ‘ही जाहिरात आहे’ असे तोंडाने सांगणे सर्वांत चांगले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आयांच्या चॅनलला सर्वांत जपून राहावे लागते ते बाळाच्या आहाराबाबत. शिशु दुग्धपर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांविषयीचा १९९२ चा कायदा (२००३ मध्ये सुधारित) पावडरचे दूध, दूधबाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचा तयार आहार यांची जाहिरात करायला किंवा तिच्यात भाग घ्यायला कोणालाही मनाई करतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची होऊ शकते. तरीही अशा प्रमोशनची विचारणा येते, आणि ती आली तर नकार हेच उत्तर.

विदर्भात या कायद्याला आणखी वजन आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींना याच अनुभवाचा आधार मिळाला. गावातली बाई दुसऱ्या बाईला नीट माहिती देते तेव्हा बाळ वाचते, हे ज्या मातीत सिद्ध झाले, तिथे चुकीची माहितीही तितक्याच विश्वासाने ऐकली जाते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बाळगुटीच्या किंवा ‘वजन वाढवणाऱ्या’ चूर्णाच्या व्हिडिओला भरपूर प्रेक्षक मिळतात. हजार-दोन हजार रुपयांच्या प्रमोशनसाठी तो विश्वास खर्च करणे अन्यायाचे आहे, कारण ऐकणारी बाई दवाखान्यापासून बरीच दूर असू शकते.

मुलांचे चित्रण

मुलांसाठी बनवलेला आशय जानेवारी २०२० पासून यूट्यूबवर तसा नोंदवावा लागतो. त्यावर प्रतिक्रिया बंद राहतात आणि वैयक्तिक आवडीनुसार जाहिराती लागत नाहीत. कंपनीच्या जाहिरातीसाठी १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला घ्यायचे तर २०१७ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास आणि उत्पन्नातला किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावे मुदत ठेवीत, अशा अटी आहेत. स्वतःच्या अंगणात काढलेल्या रीललाही हीच शिस्त लावावी. आंघोळीचे, आजारपणाचे, रडण्याचे चित्रण टाकू नये. शाळेचा गणवेश आणि गावाचे नाव एकाच दृश्यात येऊ देऊ नये. लहान गावात एवढ्या खुणांवरून मूल सहज सापडते. मूल नको म्हणाले तर कॅमेरा बंद करावा.

बचतगट आणि विक्री

प्रायोजकाची वाट न पाहता स्वतःचाच माल विकणे हा अनेकींना अधिक मानवणारा मार्ग आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि ग्रामीण उपजीविकेचे ‘उमेद’ अभियान यांच्या बचतगटांतल्या स्त्रिया भिवापुरी मिरचीचे तिखट, कुरडया, लोणची यांचे व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर मागणी घेतात आणि पार्सल टपालाने किंवा एसटीने पाठवतात. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी हवी आणि पाकिटावर तिचा क्रमांक. गटाचे मिळून चॅनल असेल तर पैसे घेणारे खाते एका बाईचे की गटाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठरावाच्या वहीत लिहावे. व्हिडिओत बोलणारी, स्वयंपाक करणारी, चित्रीकरण करणारी आणि पार्सल बांधणारी यांचे वाटेही त्याच पानावर यावेत. बोलणारी बाईच सगळ्यांना दिसते, आणि पुढे तिने गट सोडला तर प्रेक्षक तिच्यामागे जातो. म्हणून चॅनलचे नाव आणि पासवर्ड गटाकडेच राहतील, हेही ठरावात असावे लागते.