ओढण्याच्या आधी चुंबक काय करतो?

‘त्यांचं व्यक्तिमत्त्वच चुंबकीय’ असं आपण सहज म्हणून जातो. शब्दाचं मूळही गोड आहे: संस्कृतात चुंबक म्हणजे चुंबन घेणारा. पण अशा बोलण्यात चुंबकाची अर्धीच ओळख होते. दूर लोटणं त्यातून सुटतंच, आणि खरी नवलाची गोष्ट तर ओढण्याच्याही आधी घडलेली असते.

चुंबकाला एक लोखंडी खिळा लटकवा आणि त्याच्या टोकाशी टाचणी न्या. टाचणी खिळ्याला चिकटते, तिला दुसरी टाचणी. म्हणजे चुंबक आधी लोखंडाला चुंबक बनवतो, मग ओढतो.

लोखंडाच्या अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यांच्या ‘स्पिन’मुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनला चुंबकासारखं वागवणाऱ्या अंगभूत गुणामुळे, प्रत्येक अणू इवलासा चुंबक असतो. हे इवले चुंबक एकमेकांना चुंबकीय बलाने ओळीत लावत असतील, असं वाटेल. पण ते बल फार दुबळं आहे. केवळ त्याच्या जिवावर ही ओळ निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, जेमतेम अंशभर वर गेली तरी विस्कटली असती. प्रत्यक्षात लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं! ही ताकद येते विद्युत बलातून. पाउली या भौतिकशास्त्रज्ञाच्या क्वांटम नियमानुसार सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत. ते लांब राहतात, म्हणून त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण घटतं, आणि सगळ्यांनी एका दिशेला तोंड करणं लोखंडात कमी ऊर्जेचं ठरतं. चुंबकत्वाचं मूळ असं विजेत आणि क्वांटम नियमात आहे.

मग प्रत्येक खिळा चुंबक का नसतो? कारण ही एकजूट छोट्या छोट्या टापूंपुरती असते. त्यांना डोमेन म्हणतात. त्यांच्या दिशा वेगवेगळ्या, म्हणून बेरीज शून्य. चुंबक जवळ आला की त्याच्या क्षेत्राशी दिशा जुळणारे डोमेन वाढतात, बेरीज शून्य राहत नाही आणि खिळा चुंबक बनतो.

‘रक्तात लोह असतं, म्हणून चुंबकीय कडं रक्ताभिसरण सुधारतं’ ही जाहिरात मात्र साफ खोटी आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह सुट्या अणूंचं, तिथे डोमेनच नाहीत. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. एमआरआय यंत्रात दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) जबर क्षेत्रातही आपलं रक्त मुकाट वाहत राहतं.

लोखंडात डोमेन वाढतात तेव्हाची हालचाल ऐकूही येते. १९१९ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं घालून ते ध्वनिवर्धकाला जोडलं. लोखंडावरचं चुंबकीय क्षेत्र सावकाश बदललं, तरी आवाज सलग आला नाही, चरचर आली. डोमेनच्या सीमा अडखळत, झटक्याझटक्याने सरकत होत्या.